खोट्या गर्दीचा बंदोबस्त कुणी करायचा?

एखादे संकेतस्थळ तासभर उघडेनासे झाले की लगेच बोलले जाते, ‘साइट हॅक झाली’. पुष्कळदा ते खरे नसते. डीडॉस, म्हणजे असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी मारा करून सेवा बंद पाडण्याच्या, हल्ल्यात कुलूप फोडले जात नाही आणि माहितीही चोरीला जात नाही. दारात इतकी खोटी गर्दी उभी केली जाते की खऱ्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा. ‘हॅक’ म्हटले की दोष आपोआप साइट चालवणाऱ्याच्या माथी जातो: पासवर्ड सांभाळला नसेल, सॉफ्टवेअर जुनेच ठेवले असेल. डीडॉसमध्ये मात्र ज्याच्यावर मारा होतो त्याच्याकडून एकही चूक झालेली नसू शकते. माऱ्याची ताकद तिसऱ्याच कुणाच्या तरी हलगर्जीपणातून येते: न तपासता पॅकेटे (माहितीचे छोटे गठ्ठे) पुढे ढकलणाऱ्या नेटवर्कमधून, कारखान्यातच एकसारखा पासवर्ड घालून विकलेल्या कॅमेऱ्यांतून, जगाला उघड्या ठेवलेल्या सर्व्हरांतून. नुकसान सोसतो एक आणि निष्काळजीपणा करतो दुसरा. नदीकाठच्या कारखान्याने सोडलेल्या सांडपाण्यासारखाच हा प्रश्न आहे आणि तो तसाच हाताळला पाहिजे, असे आमचे मत आहे.

याचा अर्थ साइट चालवणाऱ्याने हातावर हात ठेवून बसावे असा नाही. त्याच्या हातात बरेच काही असते. फक्त कोणत्या गोष्टी त्याच्या आवाक्यातल्या आहेत आणि कोणत्या नाहीत, याची स्पष्ट कल्पना हवी. नाहीतर पैसा भलत्याच जागी खर्च होतो.

हल्ला सुरू झाला की पहिला प्रश्न ‘कुणी केला’ हा नसतो, ‘काय तुंबले’ हा असतो. भाड्याच्या सर्व्हरला साधारण १ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची जोडणी असते असे धरू. तिच्यावर १० गिगाबिटचा मारा झाला तर सर्व्हरवरची फायरवॉल कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही. नको असलेले पॅकेट ती फेकून देईल, पण ते तिच्यापर्यंत येईतो वाट भरून गेलेली असते आणि खऱ्या वाचकाची पॅकेटे वरच्या राउटरवरच गळतात. असा मारा वरच्या अंगालाच अडवावा लागतो. कधी बिट थोडे असतात, पण पॅकेटांची संख्या मारक ठरते: ६४ बाइटांच्या, म्हणजे सर्वांत लहान फ्रेम पाठवल्या तर त्याच १ गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे १४.८८ लाख पॅकेटे येऊ शकतात आणि प्रत्येक पॅकेट उघडून पाहण्यातच प्रोसेसर दमून जातो. आणि कधी जोडणी जवळजवळ मोकळी असते, प्रोसेसरही निवांत असतो, तरी साइट उघडत नाही.

हा शेवटचा प्रकार जुना आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या इंटरनेट सेवादात्याची सेवा सिन-फ्लड हल्ल्याने दिवसेंदिवस विस्कळीत झाली. दोन संगणकांमधली नेहमीची टीसीपी जोडणी तीन टप्प्यांत होते: ग्राहक ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-अॅक’ पाठवून या अर्धवट जोडणीची नोंद करून ठेवतो, आणि ग्राहकाचा ‘अॅक’ आला की जोडणी पूर्ण होते. पहिले पॅकेट खोट्या पत्त्यावरून आले असेल तर तिसरे कधीच येणार नाही. लिनक्स मूळ मांडणीत आपले उत्तर आणखी पाच वेळा पाठवून पाहते आणि ६३ सेकंदांनी ती नोंद सोडते. नोंदींची जागा १०२४ असेल तर सेकंदाला अवघी १७ खोटी पॅकेटे ती जागा कायम भरलेली ठेवायला पुरतात. घरगुती जोडणीच्याही मानाने हा ओघ अगदी क्षुल्लक आहे.

त्यावरचा उपायही त्याच वर्षी निघाला, आणि त्यामागचा विचार पुढच्या प्रत्येक बचावाला लागू पडतो. सिन-कुकी पद्धतीत सर्व्हर नोंद ठेवतच नाही. जोडणीची आवश्यक माहिती तो एका गुप्त किल्लीच्या मदतीने आपल्या उत्तरातल्या अनुक्रमांकातच गुंफून पाठवतो. समोरचा खरा असेल तर तोच अंक एकने वाढवून परत आणतो, तो पडताळला की मगच मेमरी खर्च होते. समोरच्याने आपले खरेपण दाखवायच्या आत आपण खर्च करायचा नाही, हे ते तत्त्व. डीडॉस हा मुळात खर्चाच्या विषमतेचा खेळ आहे. हल्लेखोराचा एक आणा आणि आपला एक रुपया, असे प्रमाण जिथे जिथे असेल तिथे तिथे हल्ला होणार.

२००९ मध्ये आलेल्या स्लोलोरिस या हल्ल्याच्या साधनाने हेच वेगळ्या पातळीवर दाखवले. एका लॅपटॉपने सर्व्हरशी काहीशे जोडण्या उघडायच्या आणि प्रत्येकीवर विनंतीचा मथळा (हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती) तुकड्यातुकड्याने, काही सेकंदांनी एकेक ओळ, असा पाठवत राहायचे. अपाची हा वेब सर्व्हर जुन्या प्रीफोर्क पद्धतीने चालत असेल तर प्रत्येक जोडणीला एक कामगार-प्रक्रिया अडकून बसते आणि मूळ मांडणीत त्या २५६ असतात. त्या संपल्या की दार बंद. उपाय सोपा आहे: पुढे घटना-आधारित प्रॉक्सी (जोडणीमागे वेगळी प्रक्रिया न अडकवणारा मधला सर्व्हर) ठेवायचा, पूर्ण मथळा ठरावीक सेकंदांत आला नाही तर जोडणी तोडायची आणि एका पत्त्यावरून किती जोडण्या चालतील याला मर्यादा घालायची. आज हे बहुतेक ठिकाणी तयार मिळते, तरी जुन्या सर्व्हरांवर ते चालू आहे का, हे एकदा स्वतः पाहावे.

साइट चालवणाऱ्याचे सर्वांत जास्त लक्ष मात्र दुसरीकडे असायला हवे: आपल्याच महागड्या पानांकडे. उदाहरण घेऊ. साइटवरचा एक शोध डेटाबेसकडून २०० मिलिसेकंद प्रोसेसर-वेळ खात असेल आणि यंत्राला चार कोअर असतील, तर सेकंदाला २० शोध ही त्या साइटची कमाल मर्यादा झाली. १०० यंत्रांनी प्रत्येकी पाच सेकंदांतून एक शोध पाठवला की ती मर्यादा गाठली जाते. या वेगाने तर माणूसही क्लिक करतो. ‘एका पत्त्यावरून सेकंदाला एकच विनंती’ असा नियम लावला असेल तरी त्याला यात काहीच वावगे दिसणार नाही. तेच यंत्र आधी तयार करून ठेवलेले पान सेकंदाला हजारो वेळा सहज देऊ शकते. म्हणून हल्ल्याची वाट न पाहता कोणते पान किती वेळ खाते याची मोजणी लॉगमधून काढावी आणि वरची दहा पाने आधी दुरुस्त करावीत. शोध, गाळणीची खूप पर्याय असलेली यादी, ‘पान क्रमांक ९०००’पर्यंत जाऊ देणारी यादी, मागणीनुसार पीडीएफ बनवणारे बटण हे नेहमीचे गुन्हेगार.

यात लॉगिनचे पान अनेकांच्या नजरेतून सुटते. पासवर्डचे हॅशिंग (त्याचे उलटवता न येणाऱ्या खुणेत रूपांतर) मुद्दाम संथ ठेवलेले असते, कारण चोरलेले हॅश फोडणे कठीण जावे. पण त्यामुळे चुकीचा पासवर्ड तपासायलाही तेवढाच वेळ लागतो. २०१३ मध्ये जँगो या वेब-चौकटीत आढळले की एक मेगाबाइट लांबीचा पासवर्ड पाठवला तर तो तपासायला सुमारे एक मिनिट लागते. लांबीवर मर्यादा नव्हती, एवढेच त्याचे कारण. त्यावर तातडीने ४०९६ बाइटांची मर्यादा घालण्यात आली. नियमित पदावल्यांचेही, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्रांचेही (‘रेगेक्स’), असेच आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची साइट ३४ मिनिटे बंद पडली ती कुणाच्या हल्ल्याने नव्हे: एका मजकुरात ओळीने आलेल्या सुमारे २०,००० रिकाम्या जागा आणि त्या छाटू पाहणारी एक छोटी पदावली, एवढे त्याला पुरले. बाहेरून येणाऱ्या मजकुरावर चालणाऱ्या प्रत्येक पदावलीला कमाल लांबी आणि कमाल वेळ ठरवून दिलाच पाहिजे.

कॅशे (तयार पाने साठवून ठेवून देणारा थर) लावला म्हणून निर्धास्त राहू नये. पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि दर वेळी वेगळा आकडा जोडला की कॅशेला ते नवे पान वाटते आणि विनंती थेट मूळ सर्व्हरवर जाते. त्या वेब-पत्त्यातले साइटला ठाऊक असलेले मोजकेच घटक कॅशेने विचारात घ्यावेत, बाकीचे सोडून द्यावेत, अशी मांडणी करून ठेवावी. मूळ सर्व्हर दमला असेल तर कॅशेने थोडे शिळे पान द्यावे, आणि एकाच पानासाठी एकाच वेळी आलेल्या हजार विनंत्यांपैकी एकच मागे पाठवावी. या दोन सोयींनी कितीतरी साइट्स तरतील.

वेगमर्यादा लावताना एक धोका कायम डोळ्यासमोर असावा. मोबाइल नेटवर्कमध्ये हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. तो पत्ता बंद केला की त्या सगळ्यांना दार बंद होते, आणि हल्लेखोराला हवे ते आपल्याच हातून घडते. उलट आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत एका ग्राहकाला किमान /६४ एवढा, म्हणजे अगणित पत्त्यांचा, पट्टा मिळतो, म्हणून तिथे एकेक पत्ता मोजण्यात अर्थ नाही, पूर्ण पट्टा एक धरावा. शक्य तिथे मोजणी लॉगिन झालेल्या खात्यावर किंवा सत्रावर बांधावी आणि महागड्या पानांना वेगळी, कडक मर्यादा ठेवावी. मर्यादा ओलांडली तर ४२९ हा संकेतांक आणि ‘किती सेकंदांनी परत या’ हे सांगणारा मथळा पाठवावा. नीट लिहिलेली अॅप्स तो मानतात. न मानणारी अॅप्स कधी आपलीच असतात, हेही लक्षात ठेवावे: सर्व्हर दोन मिनिटे अडखळला आणि लाखभर मोबाइल अॅपांनी त्याच सेकंदाला पुन्हा प्रयत्न केला, की हल्लेखोराची गरजच उरत नाही. पुनर्प्रयत्नातले अंतर दर खेपेला दुप्पट करावे आणि त्यात थोडा यादृच्छिक विलंब मिसळावा.

इथवरचे सगळे साइट चालवणाऱ्याच्या कक्षेतले. आता त्याच्या कक्षेबाहेरचे पाहू. खरा वाद तिथे आहे.

मोठे मारे प्रामुख्याने दोन वाटांनी येतात. पहिली वाट परावर्तनाची. हल्लेखोर इंटरनेटवरच्या एखाद्या निरपराध सर्व्हरला छोटासा प्रश्न पाठवतो, पण पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून बळीचा पत्ता लिहितो. यूडीपी या पद्धतीत टीसीपीसारखे आधीचे हस्तांदोलन नसल्याने सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो आणि मोठे उत्तर बळीच्या दारात टाकतो. उत्तर प्रश्नाच्या किती पट मोठे, हे प्रमाण डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेसाठी) २८ ते ५४ पट मोजले गेले आहे. वेळ जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरांत ‘मोनलिस्ट’ नावाची एक जुनी आज्ञा होती, ती शेवटच्या ६०० ग्राहकांची यादी परत पाठवायची; तिचे प्रमाण ५५६.९ पट. आणि मेमकॅश्ड या कॅशे-सॉफ्टवेअरचे १०,००० ते ५१,००० पट! १५ बाइटांच्या प्रश्नाला ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड साठवण्याच्या साइटवर याच वाटेने १.३५ टेराबिट प्रतिसेकंद एवढा लोंढा आला. गिटहबकडे रहदारी वळवून गाळणारी यंत्रणा तयार होती, म्हणून साइट सुमारे नऊच मिनिटे बंद-चालू राहिली. मेमकॅश्ड हे मुळात आपल्याच जाळ्यात, आतल्या आत वापरायचे साधन. ते उघड्या इंटरनेटवर यूडीपी पोर्ट ११२११ वर ऐकत बसावे याला काहीही कारण नव्हते, फक्त मूळ मांडणी तशी होती. त्याच सुमारास आलेल्या १.५.६ आवृत्तीत यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आले. मूळ मांडणीतला एक शब्द किती महाग पडू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

उघडे सर्व्हर बंद करत राहणे आवश्यकच आहे, पण एक बंद केला की दुसरा प्रोटोकॉल सापडतो. या संपूर्ण वाटेचे मूळ एकच आहे: खोट्या पत्त्याचे पॅकेट नेटवर्कबाहेर पडू शकते. आणि ते रोखायचे कसे हे जानेवारी १९९८ पासून लिहून ठेवलेले आहे. मे २००० मध्ये तीच शिफारस इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी २८२७, अर्थात बीसीपी ३८, या नावाने पक्की झाली. सेवादात्याने आपल्या ग्राहकाला कोणते पत्ते दिले आहेत हे त्याच्याएवढे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसते. ग्राहकाकडून येणाऱ्या पॅकेटवर त्याबाहेरचा पत्ता असेल तर ते तिथेच टाकून द्यावे, एवढाच नियम. ग्राहकाला जोडणाऱ्या शेवटच्या राउटरवर हे काही ओळींचे काम असते. राउटरला ‘या पॅकेटच्या पत्त्याकडे जाणारी परतीची वाट याच बाजूला आहे का’ हे तपासायला लावण्याची सोयही अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे.

यावर नेटवर्क चालवणाऱ्यांचा एक आक्षेप खरा आहे. मोठ्या, मधल्या नेटवर्कांत जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी असू शकते. तिथे ही कडक तपासणी लावली तर खरी पॅकेटेही पडतील. २००४ मध्ये आलेली आरएफसी ३७०४ याच अडचणीसाठी सैल पर्याय देते. पण या आक्षेपाच्या आड काठावरची नेटवर्केही लपतात, आणि ते मान्य करता येणार नाही. घरगुती ब्रॉडबँड, भाड्याचे सर्व्हर, एकाच वाटेने जोडलेले कार्यालय इथे वाट सरळ असते, ग्राहकाचे पत्ते ठाऊक असतात आणि कडक तपासणी चालते. मग ती लावली का जात नाही? कारण तिचा फायदा तिसऱ्यालाच होतो. स्वतःच्या नेटवर्कवर गाळणी बसवून स्वतःवरचा हल्ला थांबत नाही, दुसऱ्यावरचा थांबतो. शिफारस पाव शतक जुनी झाली तरी तिच्यामागे बंधन नाही, न पाळल्याची शिक्षा नाही, पाळल्याचे श्रेय नाही. इथे सौजन्यावर विसंबून चालणार नाही. २०१४ पासून मॅनर्स नावाचा ऐच्छिक उपक्रम नेटवर्कांना हे करायला सांगतो आहे. तो मोलाचा आहे, पण ज्यांना करायचेच नाही ते त्यात सामील होत नाहीत.

दुसऱ्या वाटेला खोटा पत्ता लागतच नाही, आणि बीसीपी ३८ तिला थांबवू शकत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१६ मधला मिराई बॉटनेट (गुपचूप ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरे, त्यांचा टेलनेट (दुरून आज्ञा देण्याचा) दरवाजा ठोठावी आणि कारखान्यात घातलेले साठेक ठरलेले नाव-पासवर्ड लावून पाही. एवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या हाती लागली. उपकरण बंद करून सुरू केले की मेमरीतला मिराई निघून जाई, पण पासवर्ड तोच असल्याने काही मिनिटांत परत येई. काही उपकरणांत तर तो पासवर्ड बदलायची सोयच नव्हती: मालकाने वेबवरच्या पानावर पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा, फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेला पासवर्ड जसाच्या तसा राही. अशा मालकाला ‘काळजी घ्या’ असे सांगण्यात काय अर्थ? त्याच्या हातात काळजी घेण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या साइटवर सुमारे ६२० गिगाबिट प्रतिसेकंदाचा मारा झाला. तोवर त्यांना अकामाई ही कंपनी विनामूल्य संरक्षण देत होती. या माऱ्यानंतर तिने ते थांबवले, साइट काही दिवस बंद राहिली आणि मग वृत्तमाध्यमांना फुकट संरक्षण देणाऱ्या गुगलच्या प्रोजेक्ट शील्डखाली परत आली. महिनाअखेर मिराईचा कोड जाहीर झाला. २१ ऑक्टोबरला त्याच प्रकारच्या माऱ्याने डिन या डीएनएस कंपनीला गाठले, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय यांसारख्या साइट्स अनेकांना दिसेनाशा झाल्या. त्या साइट्सचे सर्व्हर व्यवस्थित चालू होते, फक्त त्यांचा पत्ता सांगणारे कुणी उरले नव्हते. (त्यातून घ्यायचा व्यवहारी धडा: आपल्या नावाचे डीएनएस दोन स्वतंत्र कंपन्यांकडे विभागून ठेवावे आणि दोन्हीकडच्या नोंदी आपोआप जुळत राहतील अशी सोय करावी.)

क्रेब्ज यांचा प्रसंग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. एका माणसाने काही लिहिले, ते आवडले नाही म्हणून ते जगासमोरून पुसले गेले, आणि ते परत दिसायला एका महाकाय कंपनीची मेहेरबानी लागली. आज मोठ्या माऱ्यापासून वाचायचे तर मोजक्या कंपन्यांच्या छत्राखाली जाण्याला पर्याय उरलेला नाही, कारण एवढा लोंढा पचवणारे जाळे फक्त त्यांच्याकडे आहे. मे २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या अशाच कंपनीने ७.३ टेराबिट प्रतिसेकंदाचा मारा परतवला: ४५ सेकंदांत ३७.४ टेराबाइट. हे कुणा एकट्याने झेलायचे ओझे नाही. या कंपन्यांचे काम उत्तम आहे, आणि हल्ल्याखाली असलेल्याने त्यांच्याकडे जावे, असेच आम्ही सांगू. पण त्याची किंमतही सांगू. अशा सेवेत साइटची कूटबद्ध रहदारी बहुधा मध्येच उलगडली जाते, म्हणजे वाचक काय पाहतो, काय लिहितो हे मधल्या कंपनीला दिसू शकते. आणि छत्रच फाटले तर सगळेच भिजतात: २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या संरक्षक नियमांतल्या एका चुकलेल्या पदावलीने तिच्या यंत्रांचे प्रोसेसर व्यापले आणि तिच्यामागच्या असंख्य साइट्स सुमारे २७ मिनिटे कोलमडल्या.

छत्राखाली जाणारे एक चूक फार करतात. साइट प्रॉक्सीमागे नेतात, पण मूळ सर्व्हरचा पत्ता तोच ठेवतात. तो पत्ता डीएनएसच्या जुन्या नोंदींत असतो, त्याच यंत्रावरून जाणाऱ्या ईमेलच्या मथळ्यात असतो, विसरलेल्या एखाद्या उपनावावर (सबडोमेनवर) असतो. हल्लेखोर तो शोधून छत्राला वळसा घालतो. स्थलांतरानंतर मूळ पत्ता बदलावा, त्यावर फक्त प्रॉक्सीच्या पट्ट्यांतून येणारी जोडणी स्वीकारावी आणि मेल वेगळ्या यंत्रावर न्यावा. मोठ्या लोंढ्याने तो पत्ता तरीही बुडू शकतो, म्हणून तो गुप्त राहणेच महत्त्वाचे.

प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनाही या जबाबदारीतून सूट देता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘रॅपिड रीसेट’मध्ये एचटीटीपी/२ या वेब-प्रोटोकॉलची एक सोय हत्यार बनली. एका जोडणीवर एकाच वेळी किती विनंत्या उघड्या असाव्यात याला मर्यादा असते, बहुधा शंभर. पण विनंती पाठवून तत्काळ रद्द केली तर ती मोजणीतून वजा होते, सर्व्हरने मात्र काम सुरू केलेले असते. गुगलने सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा मारा नोंदवला. क्लाउडफ्लेअरवर सेकंदाला २०.१ कोटींचा मारा झाला, तो अवघ्या २०,००० यंत्रांच्या जोरावर. खर्च आधी कुणाचा, हा १९९६ मधला प्रश्न सत्तावीस वर्षांनी पुन्हा चुकला होता. दुरुस्ती सोपी निघाली: रद्द केलेल्या विनंत्याही मोजा आणि अती झाल्या की जोडणीच तोडा.

डीडॉस हे निषेधाचे साधन आहे, रस्त्यावर बसून वाट अडवण्यासारखेच, असा युक्तिवाद केला जातो. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत तशी जाहीर याचिकाही आली होती. हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. धरणे धरणारा स्वतः उन्हात बसतो आणि परिणाम भोगायला तयार असतो. त्याच्या संख्येतच त्याचे नैतिक बळ असते. बॉटनेटमध्ये एकच माणूस लाखाची गर्दी असल्याचे भासवतो आणि ती गर्दी म्हणजे त्यांच्या मालकांना पत्ता नसलेली यंत्रे. शिवाय ही गर्दी भाड्याने मिळते. एप्रिल २०१८ मध्ये बंद पाडलेल्या वेबस्ट्रेसर या सेवेचे १ लाख ३६ हजार नोंदणीकृत वापरकर्ते होते आणि महिन्याला १५ युरोंपासून पुढे कुणालाही हल्ला विकत घेता येत होता. घेणाऱ्यांत खेळातल्या हरण्याचा राग काढणारी पोरेही असतात. म्हणून त्यांच्या बाबतीत निव्वळ धाकापेक्षा वेळीच सांगणे उपयोगी पडते. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने २०१७ च्या अखेरीपासून काही महिने, अशा सेवा शोधणाऱ्या तरुणांना ‘हा गुन्हा आहे’ अशा जाहिराती दाखवल्या. त्या काळात तिथल्या हल्ल्यांची वाढ थांबल्याचे केंब्रिजच्या संशोधकांना आढळले.

हल्ला थांबवण्यासाठी मागितल्या जाणाऱ्या खंडणीबद्दल एकच सांगायचे: पैसे देऊ नयेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रोटॉनमेल या ईमेल सेवेने दिले, तरी मारा थांबला नाही. पुढच्या वर्षी ‘आर्माडा कलेक्टिव्ह’ या नावाने धमक्या देऊन एका टोळीने पैसे गोळा केले, पण धमकीप्रमाणे एकही हल्ला केल्याचे आढळले नाही.

धमकी खरी ठरलीच तर त्या तासात लागणाऱ्या गोष्टी आधीच कागदावर असाव्यात. सेवादात्याच्या नेटवर्क कक्षाचा फोन क्रमांक कागदावर हवा, कारण त्याच सर्व्हरवरचा ईमेल तेव्हा चालणार नाही. सर्व्हर उगाच बंद-चालू करू नये. त्याने पुरावा जातो आणि थंड कॅशेवर पुन्हा मारा बसतो. एक-दोन मिनिटांची पॅकेटे नमुना म्हणून साठवावीत. त्यांतले प्रोटोकॉल, पोर्ट आणि आकार सेवादात्याला सांगितले तर तो नेमकी गाळणी लावू शकतो. काहीच सांगितले नाही तर तो ‘ब्लॅकहोल’ करेल, म्हणजे बळीच्या पत्त्यावरची सगळी रहदारी वरच टाकून देईल. शेजारचे ग्राहक वाचतात, बळी मात्र पूर्णपणे नाहीसा होतो. हल्लेखोराला तेच तर हवे असते! प्रोटोकॉल आणि पोर्ट पाहून गाळणारी फ्लोस्पेक नावाची पद्धत २००९ पासून प्रमाणित आहे. आपला सेवादाता ती देतो का, हे शांततेच्या दिवसांत विचारून ठेवावे.

मग कायद्याने काय करावे? उपकरणांच्या बाबतीत दिशा सापडली आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून जोडलेल्या उपकरणाला एकतर स्वतंत्र पासवर्ड हवा किंवा पहिल्या वापरात तो बदलायला लावला पाहिजे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून उपकरण विकणे बेकायदा आहे, आणि सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून मुख्यत्वे लागू होईल आणि त्यात दुरुस्त्यांचा काळ साधारण किमान पाच वर्षे धरला आहे. जगभर एकच कायदा नाही म्हणून याचा उपयोग नाही, असे काहीजण म्हणतात. पण कारखाना एका बाजारासाठी सुरक्षित आणि दुसऱ्यासाठी असुरक्षित अशी दोन फर्मवेअर सांभाळण्याचा खर्च सहसा टाळतो. मोठ्या बाजाराचा नियम हळूहळू सगळीकडे पोचतो.

नेटवर्कांच्या बाबतीत मात्र पत्ता-तपासणीला असा नियम जवळजवळ कुठेच नाही, आणि आमचा आग्रह तिथे आहे. ती परवान्याची अट असावी, निदान काठावरच्या नेटवर्कांसाठी. तोवर वाट पाहण्याचीही गरज नाही. सरकारे, विद्यापीठे, रुग्णालये, बँका हे इंटरनेट जोडणीचे सर्वांत मोठे खरेदीदार आहेत. त्यांच्या निविदेत दोन कलमे पुरेत. एक: सेवादाता आपल्या सर्व ग्राहक-जोडण्यांवर, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींत, खोट्या पत्त्याची पॅकेटे पहिल्याच राउटरवर टाकून देईल. दोन: ही तपासणी चालू आहे याची चाचणी खरेदीदार स्वतःच्या जोडणीवरून दर तिमाहीला घेईल आणि निकाल जाहीर करेल. चाचणीचे साधन तयार आहे. सॅन दिएगोच्या कायडा संस्थेचे स्पूफर हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते आणि आपल्या नेटवर्कमधून खोटा पत्ता बाहेर पडतो का, हे सांगते.